साग फसला, वड टिकला

कोलकात्याहून हुगळी ओलांडली की हावड्यात शिबपूरचं वनस्पती उद्यान लागतं. तिथला अवाढव्य वड बघायला लोक लांबून येतात. मीही त्यासाठीच गेलो होतो. पण आधी गोष्ट सांगतो ती तिथे फसलेल्या झाडाची, सागाची.

ईस्ट इंडिया कंपनीला जहाजांसाठी साग हवा होता. कर्नल रॉबर्ट किडने १७८७ साली ही बाग सुरू केली, त्यामागचा एक हेतू हाच होता. लांबच्या जंगलातून लाकूड आणण्यापेक्षा बंदराशेजारीच लावू! तीसएक वर्षं खटपट झाली. पण गंगेच्या गाळात चांगलं लाकूड काही तयार होईना. शेवटी १८२०च्या सुमारास कंपनीने नाद सोडला आणि सागाच्या जमिनीचा एक तुकडा बिशप्स कॉलेजला देऊन टाकला. इकडे मलबारातला साग मात्र तुटतच होता.

आता याचा हवेशी काय संबंध? वाळलेल्या लाकडाच्या वजनात जवळपास निम्मा कार्बन असतो. जंगल जाळून शेत केलं, की तो कार्बन डायऑक्साइड होऊन लगेच हवेत जातो. आणि परत कधी येतो? मध्य आणि दक्षिण अमेरिकेत सोडून दिलेल्या शेतांवर आपोआप वाढलेल्या जंगलांचा एक मोठा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. जुन्या जंगलातल्या झाडांचं जितकं वजन, त्याच्या ९० टक्के भरून यायला साधारण ६६ वर्षं लागतात, असं त्यात दिसलं. म्हणजे उधळपट्टी एका दिवसाची आणि हप्ते दोन पिढ्यांचे.

आता वडाकडे या. १८६४ आणि १८६७च्या वादळांनी त्याला झोडपलं, मग बुरशी लागली. १९२५ साली मुख्य खोडच कापून काढावं लागलं. तरी वड पसरतोच आहे, कारण पारंब्या जमिनीत रुजलेल्या होत्या. जंगलाचंही तसंच आहे. बुंधे, बी, माती आणि शेजारचं रान शाबूत असेल, तर ते स्वतःहून परत येतं.

भरपाई वनीकरण निधीचा आपला कायदाही २०१६चाच. तेव्हा 'इथे तोडतो, तिथे लावतो' असं कुणी म्हणालं, तर रोपं किती हे मागाहून विचारा. जमीन कुठली आणि साठ वर्षं राखणार कोण, हे आधी विचारा.