रोजकीर्द, खतावणी आणि संगणकातील तारखांचा शोध

१/ पेशवे दफ्तरातील रोजकीर्दीत नोंदी दिवसाच्या क्रमाने येत. खतावणीत त्याच नोंदी खातेवार, नावाखाली मांडल्या जात. ‘अमक्याचे येणे किती?’ याचे उत्तर खतावणी देई. ‘या दिवसापासून त्या दिवसापर्यंत काय घडले?’ याचे उत्तर रोजकीर्द. एकाच मांडणीत दोन्ही प्रश्न सुटत नसत. विसाव्या शतकात संगणकशास्त्रापुढे हाच पेच नव्याने उभा राहिला. त्याचा हा इतिहास.

२/ १९४६. एनियाक या संगणकाचे एक निर्माते जॉन मॉकली यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील व्याख्यानांत द्विभाजन शोधाचा उल्लेख केला. नोंदी क्रमाने लावलेल्या असतील, तर मधली पाहावी आणि नको असलेला अर्धा भाग सोडून द्यावा. १० लाख नोंदींतून हवी ती तारीख अवघ्या २० तुलनांत हाती लागते. अडचण एकच: मध्येच नवी नोंद आली की पुढच्या सगळ्या नोंदी सरकवाव्या लागतात.

३/ जानेवारी १९५३. आयबीएममधील हान्स पीटर लून यांनी एका अंतर्गत टिपणात वेगळा मार्ग मांडला. शोधावयाच्या शब्दावर वा अंकावर गणिती क्रिया करावी आणि येणारी संख्या हाच नोंदीचा पत्ता मानावा. हीच हॅशिंगची पद्धत. शोध जवळजवळ तत्काळ लागू लागला. पण त्यासाठी क्रमाचा बळी गेला. १४ मार्च आणि १५ मार्च या शेजारच्या तारखा आता कोठेही विखुरल्या जाऊ शकत होत्या. एका तारखेची नोंद क्षणात मिळे, ‘मार्च ते मे’ मात्र नाही. नोंदींत तास, मिनिटे, सेकंदही असतील, तर सर्व १० लाख नोंदी चाळण्यावाचून गत्यंतर नसे.

४/ तोडगा निघाला वृक्षरचनेतून. १९६२ मध्ये सोव्हिएत गणितज्ञ अडेल्सन-वेल्स्की आणि लँडिस यांनी स्वतःचा समतोल राखणारा वृक्ष मांडला. पुढे बोइंगच्या संशोधनशाळेतील रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्क्राइट यांचा बी-ट्री १९७२ मध्ये नियतकालिकात प्रसिद्ध झाला. क्रम टिकला आणि नवी नोंद घालणेही स्वस्त झाले. आजही बहुतेक डेटाबेस तारखांच्या कालखंडातील शोध याच कुळातील रचनांवर चालवतात.

५/ दरम्यान ऑस्लोत डाल आणि न्यूगार्ड यांच्या सिम्युला ६७ या भाषेतून ऑब्जेक्ट ओरिएंटेड विचार साकारला. त्याचे एक सूत्र असे की वस्तूची आतली रचना झाकावी, बाहेर फक्त तिची कामे दिसावीत. स्मॉलटॉक-८० मध्ये ‘डिक्शनरी’ हा वर्गच उपलब्ध होता. सोय मोठी होती. पण आत क्रम आहे की नाही, हे बाहेरून दिसेनासे झाले. १९९८ च्या जावा १.२ मध्ये हॅशमॅप आणि ट्रीमॅप एकाच मॅप इंटरफेसमागे उभे राहिले. कालखंड वेगळा काढून देणारी सबमॅप ही सोय मात्र ट्रीमॅपकडेच होती. २००५ च्या डॉटनेट २.० मधील सॉर्टेड डिक्शनरी तर क्रम राखूनही अशी सोय देत नव्हती.

६/ मग प्रश्न सीमांचा. १९८२ मध्ये डाइक्स्ट्रा यांनी एका टिपणात युक्तिवाद केला की आरंभ धरावा आणि अंत वगळावा. तारखांच्या बाबतीत याचे मोल लगेच कळते. ‘३१ मार्चपर्यंत’ असे लिहिले की अनेकदा संगणक ३१ मार्चची मध्यरात्र, म्हणजे त्या दिवसाचा आरंभ समजतो. दिवसभराच्या नोंदी निमूटपणे गळतात. ‘१ एप्रिलच्या आधी’ असे लिहिले की त्या वाचतात. तारीख मजकूर म्हणून साठवली तर आणखी एक सापळा: ०१-०४-१९९८ ही ३१-०३-१९९८ च्या आधी लागते. १९८८ च्या आयएसओ ८६०१ या मानकाने वर्ष आधी, मग महिना, मग दिवस असा क्रम ठरवला आणि अक्षरक्रम व कालक्रम जुळले.

७/ जुनी विद्याही निर्दोष नव्हती. २००६ मध्ये जोशुआ ब्लॉक यांनी दाखवून दिले की जावाच्या ग्रंथालयातील द्विभाजन शोधात सुमारे नऊ वर्षे एक चूक दडून होती. मधली जागा काढताना दोन टोकांची बेरीज केली जाई. यादी प्रचंड असली की ती बेरीज मर्यादेबाहेर जाऊन ऋण होई. मॉकलींच्या व्याख्यानाला तेव्हा ६० वर्षे झाली होती.

८/ लून यांची पद्धत चुकीची नव्हती. ती खतावणीचे काम चोख करते. चूक होते ती खतावणीला रोजकीर्दीचा प्रश्न विचारल्यावर. म्हणून अनेक प्रणाली आज दोन्ही मांडण्या शेजारी शेजारी ठेवतात: नावाने शोधण्यासाठी एक, काळाने शोधण्यासाठी दुसरी. दफ्तरातील कारकुनांनीही तेच केले होते.