हातकागद आणि कोरीव ठसा

एखाद्या गोष्टीचा शेवटला निर्णय झाला म्हणजे तिच्यावर ‘शिक्कामोर्तब’ झालें असें मराठींत म्हणतात. हा शब्द जुन्या दफ्तरखान्यांतून लोकांच्या तोंडीं आला. राजपत्राच्या माथ्यावर शिक्का करीत आणि मजकूर संपे तेथें मोर्तब उमटवीत. त्याखालीं कोणीं एक ओळहि वाढवूं नये हा त्यांतला हेतु. हा ठसा कोरणें म्हणजे मोठ्या धीराचें काम. अक्षरें उलटीं कोरावीं, तेव्हां तीं कागदावर सुलटीं उमटतात. एक रेघ चुकली कीं सारी मेहनत वाया.

ज्या कागदावर हे ठसे उमटले तोहि हातचाच होता. जुन्नर आणि दौलताबाद येथील कागदाला मराठेशाहींत मोठा मान असे. दौलताबादेजवळचें कागजीपुरा हें गांव आणि पुण्याच्या कसब्यांतील कागदीपुरा हीं नांवेंच या धंद्याची साक्ष देतात. चिंध्या व जुनीं दोरखंडें भिजवावीं, चुन्यांत मुरवावीं, ढेकीखालीं कुटावीं, वाहत्या पाण्यांत धुवावीं. मग तो लगदा हौदांत कालवून गवती काड्यांच्या बारीक चटईवर एक एक ताव उचलावा. ताव दाबून पाणी काढावें, भिंतीला चिकटवून वाळवावा, खळ लावावी आणि गुळगुळीत दगडानें घोटावा. इतक्या सायासानें झालेला कागद बोरूच्या टोकाला अडत नसे व शाई फुटूं देत नसे. दोन-अडीचशें वर्षांपूर्वींचीं दफ्तरें आजहि वाचतां येतात, याचें बरेंचसें श्रेय त्या घोटणाऱ्या हातांना आहे.

एकोणिसाव्या शतकांत गिरणीचा कागद आला आणि हें चित्र पालटलें. नवें सरकार, नव्या कचेऱ्या, नवे छापखाने या सर्वांना स्वस्त व एकसारखा कागद हवा होता. तुरुंगांतून कैद्यांकडून कागद करून घेण्यांत येऊं लागला. 1885 सालीं पुण्याजवळ मुंढव्यास डेक्कन पेपर मिल निघाली. कागद्यांच्या हातांतील कसब कांहीं एका दिवसांत नाहींसें झालें नव्हतें. नाहींसें झालें तें त्यांचें गिऱ्हाईक. पुढील सर्व प्रयत्नांचें यशापयश याच एका गोष्टीवर ठरलें.

या धंद्याला पुनः उभें करण्याचा विचारपूर्वक यत्न वर्ध्यास झाला. 1934 च्या डिसेंबरांत तेथें अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. श्रीकृष्णदास जाजू हे अध्यक्ष व जे. सी. कुमारप्पा हे चिटणीस. जमनालाल बजाज यांनीं आपली बाग व घर संघास दिलें. 1928 सालीं निवर्तलेल्या मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ त्या स्थानाला मगनवाडी हें नांव मिळालें. 1936 सालीं शेगांवास, म्हणजे पुढील सेवाग्रामास, जाईपर्यंत महात्माजींचें वास्तव्य येथेंच होतें. तेलघाणी, मधमाशा, साबण यांच्या जोडीला हातकागदाचेंहि शिक्षण मगनवाडींत सुरू झालें.

कुमारप्पा हे विलायतेंत शिकलेले हिशेबतपासनीस. त्यामुळें हातकागदाकडे ते भाविकपणें पाहत नसत. जमाखर्चाच्या डोळ्यांनीं पाहत. कच्चा माल म्हणजे चिंध्या आणि रद्दी, ती गांवांतच मिळते. हौद गवंडी बांधतो, सांचा सुतार करतो. भांडवल थोडें, म्हणून कारागीर कोणाचा बांधील नाहीं. परंतु कुटण्याचें काम अतिशय कष्टाचें. तेथें एकट्याचा दिवस संपून जातो व हातीं ताव थोडे पडतात. यावर लगदा सरकारनें मोठ्या यंत्रांनीं तयार करून द्यावा व कागद मात्र घरोघर हातांनीं व्हावा, अशी योजना कुमारप्पांनीं मांडली. एकट्यानें काय करावें व काय दुसऱ्याकडून घ्यावें, हा एकहातीं धंद्यांतील मूळ प्रश्न त्यांनीं असा रोकडा सोडविला.

गिऱ्हाइकाचा प्रश्न याहून अवघड होता. संघानें तो प्रथम स्वतःपुरता सोडविला. ‘ग्रामउद्योग पत्रिका’ आणि संघाचीं अनेक पुस्तकें हातकागदावर छापलीं जात. महात्माजी तर आलेले लखोटे उलगडून त्यांच्या कोऱ्या बाजूवर लिहीत. जो कागदाच्या तुकड्याचेंहि मोल जाणतो त्यालाच चांगल्या तावाची किंमत कळते. के. बी. जोशी यांनीं या विद्येवर पुस्तक लिहिलें, तें संघानेंच प्रसिद्ध केलें. 1940 सालीं पुण्यास हातकागद संस्था निघाली. तथापि वर्ध्याच्या दक्षिणेस, चांदा जिल्ह्यांत, 1945 सालीं बल्लारपूरच्या कागद गिरणीची कंपनी स्थापन झाली. जंगलांतील बांबू तिच्या पोटांत जाऊं लागल्यावर शाळेची वही आणि दुकानाची चोपडी हातकागदाच्या हातून सुटली ती सुटलीच.

कुमारप्पा 1960 सालीं वारले. त्यांच्या नांवाची राष्ट्रीय हातकागद संस्था पुढें राजस्थानांत, जयपूरजवळ सांगानेरला उभी राहिली. हातकागद मेला नाहीं. पण तो लग्नपत्रिका, भेटकार्डें व शोभेच्या वह्या यांचा कागद झाला. खेड्यांतील गरिबाच्या उपयोगासाठीं ज्याचा पुनर्जन्म झाला, तो शहरांतील श्रीमंताच्या मेजावर जाऊन बसला. हा पराभवच होय, असें म्हणणाऱ्याचें म्हणणें सर्वस्वीं खोटें नाहीं.

तरीहि आज कोणी एकटा कारागीर लांकडावर वा रबरावर स्वतः ठसा कोरून, हातकागदावर पत्रें, लखोटे व वह्या सजवून विकतो, तेव्हां मगनवाडीचा हिशेब त्याच्याहि उपयोगी पडतो. ठसा एकदां कोरला म्हणजे पुष्कळ दिवस पुरतो, परंतु प्रत्येक ठशाला हात नव्यानें उचलावा लागतो. कागद व शाई यांचा खर्च सर्वांना दिसतो. शाई लावणें, दाबणें, वाळवणें, घडी घालणें यांत गेलेले तास दिसत नाहींत. ते किंमतींत धरले नाहींत, तर धंदा चालल्यासारखा भासतो आणि कारागीर मात्र उपाशी राहतो. ते सारे धरले, तर शेजाऱ्याला माल परवडत नाहीं. या दोहोंमधील वाट काढतांना कुमारप्पा खरेदीदारालाहि जबाबदार धरीत. वस्तु घेणारा माणूस नुसते पैसे देऊन मोकळा होत नाहीं. ती करणाऱ्याचें पोट भरलें कीं नाहीं याचा अर्धा भार त्याच्या माथीं असतो, हें त्यांचें सांगणें होतें.

30 डिसेंबर 1938 रोजीं महात्माजींच्या हस्तें उघडलेलें मगन संग्रहालय वर्ध्यास अजून उभें आहे. तेथें जाणारानें ग्रामोद्योगांचीं साधनें कौतुकानें पाहावींतच. परंतु आपल्या घरांतील पत्राचा कागद कोणाच्या हातचा आहे, हेंहि परततांना एकदां विचारावें.