बीट, ऊस आणि धाकट्या भावाचा प्रश्न

गेल्या महिन्यात राहाता तालुक्यातून धाकट्या भावाचा फोन आला. "दादा, उरलेलं चार एकर रानही उसाला देऊ का? आता इथेनॉलचे दिवस आलेत." शेती सोडून मला वीस वर्षे झाली. तरी मेनूथला राहून साखरेचा एक धडा शिकलो आहे, तोच त्याला सांगितला.

आयर्लंडमध्ये साखर होई ती बिटापासून. १९२६ साली कार्लो येथे कारखाना निघाला. १९३३ साली सरकारने साखर कंपनी स्थापून तो ताब्यात घेतला आणि मॅलो, थर्ल्स व ट्यूम येथे आणखी तीन उभारले. नव्याने स्वतंत्र झालेल्या देशाला साखर घरचीच हवी होती. आमच्या किल्डेअर परगण्यातले शेतकरीही कार्लोला बीट घालू लागले. १९९१ मध्ये कंपनीचे खाजगीकरण झाले. २००५ मध्ये कार्लो बंद पडला. पुढच्याच वर्षी युरोपीय संघाने साखरेचे आधारभाव उतरवायचे धोरण लागू केले आणि शेवटचा मॅलोही थांबला. ऐंशी वर्षांचा धंदा संपला! आता इथली साखर बाहेरून येते.

आपल्याकडे १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेचा सहकारी कारखाना उभा केला. भागधारक शेतकरीच मालक, हा मोठाच फरक. पण मालकी असली तरी धोरण आपल्या हाती नसते. डिसेंबर २०२३ मध्ये साखर कमी पडेल या भीतीने केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आणले आणि पुढच्या वर्षी ते उठवले. नव्या धंद्याची दोरीही दिल्लीतच.

मग इथला शेतकरी तगला कसा? बीट हे त्याच्या फेरपालटातले एक पीक होते. कारखाना गेला, उत्पन्नाला खोट बसली. पण गहू, बार्ली, गुरे होतीच. ऊस मात्र वर्षभर रान अडवतो, पाणी पितो आणि खोडवा ठेवला की पुढचे वर्षही त्याचेच.

म्हणून भावाला म्हटले, "ऊस लाव, पण दोनच एकर. उरलेल्यात सोयाबीन, हरभरा राहू दे."

तो क्षणभर थांबून म्हणाला, "आबाही हेच म्हणायचे."

आबा कधी आयर्लंडला आले नव्हते.