संगणकीय खंडणी आणि संस्थांच्या जाळ्यांचे संरक्षण : एक ऐतिहासिक आढावा (१९८९ ते २०२२)

प्रस्तावना

एखाद्या संस्थेच्या संगणकांतील माहिती कुलूपबंद करून ती मोकळी करण्यासाठी पैसे मागणाऱ्या घातक प्रणालीस 'रॅन्समवेअर' म्हणतात. या गुन्ह्याची चर्चा बहुधा हल्लेखोरांच्या चातुर्याभोवती फिरते. परंतु त्याचा इतिहास पाहता असे दिसते की, प्रत्येक मोठ्या हल्ल्याच्या वेळी बचावाचा उपाय आधीपासून ज्ञात होता. उणीव होती ती अंमलबजावणीची. प्रस्तुत लेखात या विधानाची काही प्रमुख घटनांच्या आधारे तपासणी केली आहे.

प्रारंभ : टपालाने आलेली खंडणी

या गुन्ह्याचे पहिले ज्ञात उदाहरण १९८९ सालचे आहे. त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये एड्सविषयक माहिती देणारी म्हणून सुमारे २०,००० फ्लॉपी डिस्क लंडनहून टपालाने पाठविण्यात आल्या. संगणक सुमारे ९० वेळा सुरू झाल्यावर त्यातील फाइलींची नावे सांकेतिक होत व पनामा येथील टपालपेटीवर १८९ डॉलर पाठविण्याची मागणी पडद्यावर येई. या प्रकरणी जोसेफ पॉप या जीवशास्त्रज्ञास अटक झाली. परंतु मानसिक अस्वास्थ्यामुळे त्याच्यावर खटला चालू शकला नाही. या प्रणालीत कुलूप लावण्याची व उघडण्याची किल्ली एकच होती. त्यामुळे अभ्यासकांनी प्रणाली उकलून तिच्यावर उतारा तयार केला.

हा दिलासा फार काळ टिकणार नव्हता. १९९६ मध्ये ॲडम यंग व मोटी युंग या संशोधकांनी असे दाखवून दिले की, हल्लेखोराने दोन किल्ल्यांची 'पब्लिक की' पद्धत वापरल्यास उघडण्याची किल्ली केवळ त्याच्याकडेच राहील व प्रणाली उकलूनही उपयोग होणार नाही. हा इशारा २०१३ साली 'क्रिप्टोलॉकर'ने व्यापक प्रमाणावर खरा ठरविला. २००९ मध्ये अवतरलेल्या बिटकॉइनमुळे टपालपेटीचीही गरज उरली नव्हती. हल्ल्यानंतर कुलूप फोडण्याचा मार्ग अशा रीतीने जवळजवळ बंद झाला आणि संरक्षणाचा सारा भार पूर्वतयारीवर येऊन पडला.

२०१७ : दोन हल्ले, दोन धडे

१२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय'चा प्रसार झाला. विंडोज प्रणालीतील ज्या दोषाचा त्याने लाभ घेतला, त्यावरील दुरुस्ती म्हणजे 'पॅच' मायक्रोसॉफ्टने १४ मार्च रोजीच दिला होता. तरीही सुमारे १५० देशांतील दोन लाखांहून अधिक संगणक बाधित झाले. ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाच्या अहवालानुसार इंग्लंडमधील २३६ पैकी किमान ८१ आरोग्य न्यासांच्या कामात व्यत्यय आला आणि रुग्णांच्या १९,००० हून अधिक भेटी रद्द झाल्याचा अंदाज आहे. त्याच अहवालानुसार बाधित यंत्रांपैकी बहुसंख्य यंत्रे विंडोज ७ वर चालणारी, परंतु पॅच न बसविलेली होती. पॅच बसविण्याची सूचना त्या न्यासांना मार्च व एप्रिलमध्येच मिळालेली होती.

पुढील महिन्यात, २७ जून रोजी, युक्रेनमधील एका लेखा प्रणालीच्या अद्ययावतीकरणातून 'नॉटपेट्या' पसरला. त्याने खंडणी मागितली खरी, पण पैसे भरूनही माहिती परत मिळण्याची सोय त्यात नव्हती. तो यंत्रातील परवलीचे शब्द चोरून पुढे सरकत असल्यामुळे पॅच बसविलेली यंत्रेही त्याच्या तावडीतून सुटली नाहीत. त्याची झळ महाराष्ट्रासही बसली. मर्स्क या डॅनिश नौवहन समूहाचे जाळे कोलमडताच न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील त्या समूहाच्या टर्मिनलचे कामकाज विस्कळीत झाले. युक्रेनमधील एका प्रणालीतील दोष उरणच्या किनाऱ्यावरील मालवाहतुकीस अडवू शकला, कारण मधल्या जाळ्यात त्यास रोखणारी भिंत नव्हती.

मर्स्कला नंतर ४,००० सर्व्हर व ४५,००० संगणक नव्याने उभारावे लागले. पुढे प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतानुसार जाळ्याचे नियंत्रण करणारे सर्व्हर परस्परांच्या प्रती ठेवत होते, म्हणून ते एकाच वेळी नष्ट झाले. घानामधील एक सर्व्हर वीज गेल्यामुळे बंद होता, तेवढाच वाचला. जोडलेली प्रत ही खरी राखीव प्रत नव्हे, हे या घटनेने स्पष्ट केले. जे नियोजनाने साधावयाचे, ते येथे योगायोगाने साधले.

२०२२ : दिल्लीचा अनुभव

२३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या पाच सर्व्हरवर हल्ला झाला व सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली. नोंदणीपासून तपासणी अहवालांपर्यंतची कामे अनेक दिवस कागदावर करावी लागली. जाळ्याचे अयोग्य विभाजन हे त्याचे कारण असल्याचे केंद्र सरकारने संसदेत सांगितले. रुग्णालयाची माहिती परत मिळाली ती बाधा न पोहोचलेल्या बॅकअप सर्व्हरवरून. न्हावा शेव्याने पाच वर्षांपूर्वी दिलेला धडा येथे पुन्हा गिरवावा लागला.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन उपाय ठळकपणे पुढे येतात : पॅच वेळेत बसविणे, जाळ्याचे स्वतंत्र कप्पे करणे आणि माहितीची एक प्रत जाळ्यापासून तोडून ठेवून ती परत उतरवता येते की नाही हे वेळोवेळी तपासणे. यांपैकी एकही उपाय नवा नाही आणि एकटा कोणताही पुरेसा नाही. नॉटपेट्यापुढे केवळ पॅच अपुरा पडला. केवळ प्रत असून दिल्लीतील कामकाज थांबण्याचे टळले नाही. हे उपाय यंत्रापेक्षा प्रशासनाशी अधिक निगडित आहेत. त्यांना खर्चाची तरतूद व जबाबदार व्यक्ती लागते. ज्या महाविद्यालयाच्या परीक्षा विभागातील गुणपत्रके, ग्रंथालयातील नोंदी व कार्यालयातील हिशेब एकाच जाळ्यावर आहेत, त्यास हा इतिहास परका नाही. हल्ला होण्यापूर्वीचा काळ हाच संरक्षणाचा खरा काळ होय.