पालखेड : पुढे जाणाऱ्याचे बळ

संघाने खेळायच्या नेमबाजीच्या संगणकखेळांत ‘टँक’ अशी एक भूमिका असते. सर्वांत पुढे राहून शत्रूचा मारा अंगावर घ्यायचा आणि सोबत्यांना वाट करून द्यायची. मात्र साथ सुटली की टँक संपलाच. फुलंब्रीतल्या आमच्या विद्यार्थ्यांकडून हे ऐकताना आपल्याच जिल्ह्यातले पालखेड आठवले.

१७२७च्या अखेरीस थोरल्या बाजीरावांनी निजामाच्या जालना-सिंदखेड भागात मुसंडी मारली. निजाम पुण्यावर चालून गेला. तरीही बाजीराव पुण्याच्या रक्षणाला धावले नाहीत. ते औरंगाबादच्या रोखाने वळले, तेव्हा निजामालाच परतावे लागले. वेग साधण्यासाठी त्याने अवजड तोफखाना मागे ठेवला आणि फेब्रुवारी १७२८मध्ये वैजापूरजवळ पालखेडला तो वेढला गेला. पाणी तुटले, रसद तुटली. ६ मार्चला मुंगी-शेवगावचा तह झाला.

निजाम भित्रा नव्हता. त्याचे बळ तोफांत होते आणि तेच त्याने मागे सोडले. बाजीरावांचे बळ वेगात होते. ते त्यांनी तोफांपुढे उधळले नाही. आम्ही वर्गात पुढे झेपावण्यालाच शौर्य म्हणत आलो. तग धरण्याची ही समजही शौर्यातच मोजायला हवी होती.