दरड कोसळण्याआधी डोंगराच्या पोटात काय घडतं? ते मोजणाऱ्या मनीषा सुधीर

२२ जुलै २०२१. महाडमधल्या तळीयेवर दरड कोसळली आणि ८० हून अधिक माणसं गेली. त्याच पावसात पोलादपूरच्या केवनाळे आणि सुतारवाडीवरही दरडी आल्या. २००५ मध्ये जुई आणि दासगावने हेच भोगलं होतं. प्रश्न दरवेळी एकच, आधी कळलं असतं तर?

अमृता विश्व विद्यापीठातल्या संशोधक डॉ. मनीषा सुधीर यांनी याच प्रश्नावर काम केलंय. त्यांच्या टीमने मुन्नारच्या धोकादायक उतारावर खोल बोअर मारून सेन्सर बसवले. २००९ च्या पावसाळ्यात या यंत्रणेने धोक्याचा इशाराही दिला. पुढे सिक्कीममध्येही अशी यंत्रणा उभी राहिली.

हे चालतं कसं?

पाणी मुरत गेलं की मातीच्या कणांमधला पाण्याचा दाब वाढतो आणि मातीची पकड सुटते. हा दाब पिझोमीटर मोजतो. बाकीचे सेन्सर ओलावा आणि जमिनीची हालचाल टिपतात. ही माहिती वायरलेस नेटवर्क आणि सॅटेलाइटवरून थेट विद्यापीठात पोहोचते.

पर्जन्यमापकावर फक्त पडलेला पाऊस कळतो. आत किती मुरला, ते सेन्सर सांगतात.

मग महाड-पोलादपूरच्या प्रत्येक डोंगरावर सेन्सर का नाहीत? कारण सेन्सर ज्या उतारात बसवलाय, तेवढ्याचंच सांगतो. इथे तर वाडी तितके उतार. त्यामुळे आधी सर्वात धोकादायक उतार निवडावे लागतात. आणि इशारा मध्यरात्री आला, तर माणसांनी जायचं कुठे, हे पावसाळ्याआधीच ठरलेलं असावं लागतं.