तळटीप : माइसेनचे पोर्सेलीन

माइसेन : जर्मनीतील सॅक्सनीमधले गाव. चिनी धर्तीचे कठीण, पांढरेशुभ्र पोर्सेलीन बनवणारा युरोपातला पहिला कारखाना १७१० साली इथल्या आल्ब्रेख्ट्सबुर्ग किल्ल्यात सुरू झाला. श्रेय सहसा योहान फ्रीडरिश ब्योटगर या किमयागाराला देतात. तो सोने करून देईल या आशेने राजा ऑगस्टसने त्याला कैदेत ठेवले होते. पण पोर्सेलीनच्या शोधात मोठ्या भिंगांनी ऊन एकवटून खनिजे वितळवण्याचे प्रयोग एरेनफ्रीड वाल्टर फॉन चिर्नहाउस या शास्त्रज्ञाने ब्योटगरच्या कितीतरी आधी केले होते. १७०८च्या ऑक्टोबरात तो वारला आणि त्याचे नाव मागे पडले. हा त्याच्यावर अन्यायच झाला. केओलिन मातीत अलाबास्टर मिसळून १,३०० अंश सेल्सिअसच्या वर भाजण्याची कृती कडेकोट गुप्त राखूनही फितलेल्या कारागिरांमार्फत १७१९पर्यंत व्हिएन्नाला पोचली.